२००८ ची जिप्सी कच्च्या वाटांसाठी तयार करताना: पैसे आधी कुठे घालायचे

प्रश्न थोडक्यात असा: फोंड्याजवळ राहणाऱ्या एका कुटुंबाने २००८ ची जिप्सी किंग, हार्डटॉप, पेट्रोल एमपीएफआय (इंजेक्शनवालं इंजिन), जुन्या बाजारातून घेतली आहे. आधीची बरीच वर्षं गाडी किनारपट्टीवर होती. माणसं तीन. पावसाळ्यात सत्तरी, सांगे, तिळारी, आंबोली असं फिरायचं आहे आणि पुढच्या वर्षी स्पितीला जायचं आहे. हातात दोन लाख रुपये आहेत आणि यादी तयार आहे: दोन इंचांची लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं), २३५ चे रुंद मड टायर, लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र), छतावर कॅरिअर, एलईडी बार. यातलं आधी काय करावं?

यादीतलं आधी काहीच नको. या गाडीला जे हवं आहे ते तुमच्या यादीत नाही, आणि यादीतल्या निम्म्या गोष्टी ती गाडी बिघडवतील. किनाऱ्यावर सतरा-अठरा वर्षं काढलेल्या जिप्सीचा खरा शत्रू गंज आहे, त्यानंतर ॲक्सलमध्ये शिरलेलं पाणी, आणि त्यानंतर मालकाने वर चढवलेलं वजन. दगडधोंडे बरेच खाली येतात. म्हणून दोन लाखांपैकी सुमारे लाखभर अशा कामात जाईल जे बाहेरून कुणाला दिसणारही नाही.

सुरुवात चासीपासून, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यापासून करा. गाडी गॅरेजच्या लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घ्या, खालची जुनी काळी अंडरकोटिंग खरवडून काढा आणि छोट्या हातोडीने चासी टोक ते टोक ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. जिथे बद्द वाजलं तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोर देऊन टेकवा. आत गेलं तर तो पत्रा संपला. जिप्सीत पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत: मागच्या पाट्यांचे (कमानी स्प्रिंगांचे) हँगर आणि शॅकलच्या (पाटा चासीला जोडणाऱ्या हलत्या पट्टीच्या) आजूबाजूचा भाग, मागचा आडवा क्रॉस मेंबर, बॉडी माउंटचे कान, पुढच्या पायाखालचा फ्लोअर, बॅटरीचा ट्रे आणि विंडशील्ड फ्रेमची खालची कड. मॅट उचलून फ्लोअर पाहिल्याशिवाय कुणाचंही ‘बॉडी टकाटक’ हे प्रशस्तिपत्र मानू नका.

वेल्डिंगच्या बाबतीत बहुतेक गॅरेजांत एकच चूक होते: कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवून वरून काळं फासतात. वेल्ड धरायला खाली धातूच नसतो, शिवाय दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी अडकतं. कुजका भाग चकाकता धातू लागेपर्यंत कापून काढायचा, मूळ चासीच्या जाडीइतका किंवा किंचित जाड पत्रा घेऊन मिग वेल्डिंगने जोडायचा. ताण घेणाऱ्या भागावर पट्टी लावायची असेल तर तिची टोकं चौकोनी न ठेवता पतंगासारखी निमुळती ठेवायची. चासीच्या उभ्या बाजूवर आडव्या रेषेला काटकोनात वेल्डची सरळ उभी शिवण आली की पुढे नेमकी तिथेच तड जाते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायर आणि ईसीयूचा (इंजिनच्या संगणकाचा) कनेक्टर काढून ठेवा. आणि चासी नंबर ठोकलेल्या जागेला ग्राइंडर लागू देऊ नका, तिथे जाड रंगही नको. नोंदणीच्या नूतनीकरणाला तो नंबर वाचता आला नाही तर चांगल्या गाडीचं काम अडून बसतं.

गंज थांबवण्याची वेळ आपल्याकडे फेब्रुवारी ते मे. जूनमध्ये धातूवर डोळ्याला न दिसणारी ओल असते, तीवर मारलेला प्रायमर दिवाळीपर्यंत पापुद्र्यांनी सुटतो. आधी गोड्या पाण्याने दाबाने धुणं, मग वायर ब्रश, मग पुन्हा धुणं. ही दुसरी धुलाई लोक टाळतात, पण गंजाच्या खड्ड्यांत बसलेलं मीठ ब्रशने निघत नाही, पाण्यानेच निघतं. दोन दिवस कडक उन्हात वाळवा, मग फॉस्फरिक ॲसिडवाला रस्ट कन्व्हर्टर, तो काळा पडून पूर्ण सुकला की इपॉक्सी प्रायमर, वर पीयू रंग. चासीच्या पोकळीत आतून कॅव्हिटी वॅक्स: लांब नळीच्या, चारी बाजूंना फवारणाऱ्या नोझलने, साधारण दोन-तीन लिटर. त्याआधी पाणी निचरायची भोकं तारेने मोकळी करून घ्या, नाहीतर आतलं पाणी वॅक्सखाली कोंडलं जाईल. खालून जळकं ऑइल मारायची जुनी रीत अजून चालू आहे, ती सोडा. बुशांचं आणि होजचं रबर त्याने फुगतं आणि पहिल्या सरीत ते तुमच्याच विहिरीच्या वाटेला लागतं.

चासी झाली की पुढचा ॲक्सल. जिप्सीचं खरं दुखणं इथे असतं आणि बाहेरून ते ओळखताही येतं. पुढच्या चाकामागचा लोखंडी गोळा, म्हणजे नकल, पाहा. त्यावर ग्रीसचा पातळ थर असणं ठीक. पण ऑइल ओघळत असेल तर आतला ॲक्सल सील गेला आहे: डिफरन्शियलचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचं) ऑइल नकलमध्ये येतंय, ग्रीस पातळ होतंय आणि ते मिश्रण पुढे ब्रेकच्या डिस्कवर जातंय. उलट गोळा कोरडा, तांबूस, गंजलेला दिसला तर बाहेरचा फेल्ट आणि रबरी वायपर संपले आहेत आणि वहाळाचं पाणी आत जातंय. दोन्ही प्रकारांत नकल उघडून सगळं धुवा, सीलची पूर्ण किट घाला, सीव्ही जॉइंटच्या (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणाऱ्या सांध्याच्या) गोळ्या आणि त्यांच्या खाचा तपासा. खाचेत नखाला लागेल असा खड्डा पडला असेल तर तो जॉइंट लो गिअरमध्ये, चाक वळलेलं असताना, कटकट वाजवत तुटतो. परत भरताना मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस वापरा, पण पोकळी गच्च भरू नका. ग्रीस गरम होऊन फुगतं आणि नवा सील आतून ढकलून बाहेर काढतं.

याच वेळी किंगपिनची (ज्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिची) आणि चाकाची बेअरिंगं. चाक जॅकवर उचला, वरून आणि खालून धरून हलवा. ढिलाई जाणवली की दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. ढिलाई गेली तर चाकाची बेअरिंग, तशीच राहिली तर किंगपिन. या दोन मिनिटांच्या परीक्षेअभावी कितीतरी गाड्यांत चुकीची बेअरिंग बदलली जाते. साठ-सत्तरच्या वेगात स्टिअरिंग जोरात थरथरू लागतं, त्यावर सर्रास स्टिअरिंग डॅम्पर बसवून देतात. डॅम्पर रोग झाकतो. किंगपिनचे शिम, टाय रॉड एंड आणि चाकांचं बॅलन्सिंग नीट केल्यावर थरथर उरली तरच डॅम्परचा विचार करा.

फ्री-व्हील हब, म्हणजे पुढची चाकं ॲक्सलला जोडणारी-सोडणारी कुलपं, तीही तपासा. पुढचं एक चाक उचला, हब लॉक करा, ट्रान्सफर (टू-व्हील आणि फोर-व्हील बदलणारा गिअरचा डबा) टू-व्हीलमध्ये ठेवून चाक हाताने फिरवा. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (डिफरन्शियलपर्यंत जाणारा दांडा) फिरताना दिसला पाहिजे. हवेच्या दाबावर लागणारे हब असतील तर त्यांच्या बारीक नळ्या एव्हाना चिरलेल्या असण्याची शक्यता दाट आहे. हाताने फिरवायचे हब बसवणं हा या गाडीतला सर्वांत किफायती बदल.

जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला थेट जोडलेली नसते. मध्ये एक आखूड शाफ्ट असतो आणि केस स्वतः तीन रबरी माउंटवर टांगलेली असते. ही रबरं फाटली की चढावर केस वळते, लिव्हर फोरमधून सुटून येतो आणि मेस्त्री म्हणतो, गिअर गेला. आधी माउंट बदला. बऱ्याचदा केस उघडायची वेळच येत नाही. चारही जागची ऑइलं एकदम बदला: गिअरबॉक्स, ट्रान्सफर, पुढचं आणि मागचं डिफरन्शियल. प्रत्येक ठिकाणी आधी भरायचा बोल्ट सैल होतो का ते पाहा आणि मगच निचऱ्याचा उघडा. ऑइल काढून टाकलं आणि भरायचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच राहते. डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल चालतं. गिअरबॉक्सला पुस्तिकेत सांगितलेलं जीएल-४च घाला, जीएल-५मधली काही द्रव्यं सिंक्रो रिंगच्या पितळेला बाधतात. काढलेलं ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे.

ते पाणी शिरतं कसं, हे कळलं की सगळ्यात स्वस्त अपग्रेड आपोआप सुचतं. घाट चढून आलेला ॲक्सल गरम असतो, आतली हवा प्रसरण पावलेली असते. तसाच तो थंड वहाळात उतरला की आतली हवा आकसते, पोकळी निर्माण होते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. ॲक्सलवरचा छोटा ब्रीदर (आतली हवा ये-जा करायचं तोंड) चिखलाने बुजलेला असेल तर हे हमखास होतं. उपाय: चारही ब्रीदरना ऑइल सोसणारी, ८ मिलीमीटर आतल्या व्यासाची होज लावून ती बॉनेटखाली फायरवॉलच्या वरच्या कडेला न्यायची आणि टोकाला पेट्रोलचा छोटा फिल्टर लावायचा. ॲक्सल खाली झुकतो तेव्हा ताण येऊ नये म्हणून होजला सैल वळसा ठेवा. खर्च फार तर एका टायरच्या चौथाईइतका. हे न करता स्नॉर्कल (इंजिनला छताच्या उंचीवरून हवा देणारी नळी) बसवणं म्हणजे छप्पर गळत असताना गेटला रंग देणं. स्नॉर्कल धुळीच्या वाटेवर उपयोगी आहेच, पण एअर फिल्टरच्या डब्यापर्यंतचा प्रत्येक सांधा हवाबंद असेल तरच. एक क्लिप सैल असली तरी इंजिन पाणी तिथूनच ओढतं.

वहाळ आधी चालून पाहायचा. तिघांपैकी हलका माणूस गुडघाभर पाण्यात स्थिर उभा राहू शकत नसेल तर गाडीही घालायची नाही. पुराच्या पाण्यात हलकी गाडी तरंगते आणि जिप्सी हलकी आहे. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-चार वेळा दाबून वाळवा. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी डिफरन्शियलचा खालचा बोल्ट अर्धा सैल करा. पाणी तळाशी बसतं, त्यामुळे असेल तर आधी तेच थेंबाथेंबाने येईल. मागचे ड्रमही उघडून धुवा. आपली तांबडी माती वाळली की लायनरमध्ये पॉलिश पेपरसारखी घासत राहते, आणि व्हील सिलिंडरचे पिस्टन गंजून अडकतात ते याच चिखलामुळे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. कोकणच्या हवेत दरवर्षी, निदान दोन वर्षांनी बदला, विशेषतः लांबच्या उताराला निघण्याआधी.

इंधनाच्या बाबतीत एक नवी काळजी आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आणि २००८ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. जुन्या रबरी होज कडक होऊन चिरतात. इथेनॉल पाणी शोषत असल्यामुळे अर्धी रिकामी, महिनोन्‌महिने उभी असलेली टाकी आतून गंजते. शिवाय ते टाकीतला जुना गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणतं. टाकी उतरवून धुवा, सगळ्या इंधन-होज इथेनॉल सोसणाऱ्या बसवा, फिल्टर बदला आणि पहिल्या हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदला. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा. ॲव्हरेज काही टक्क्यांनी घटेल, ते गृहीत धरा.

कूलिंगमध्ये एकच गोष्ट ठासून सांगण्यासारखी: थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलेला असेल तर परत बसवा. ‘आपल्याकडे गरमी, त्याची गरज नाही’ हे वाक्य प्रत्येक गॅरेजात ऐकू येतं. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन थंड चालतं, जादा पेट्रोल ओढतं, ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं आणि झीज वाढते. स्पितीच्या थंडीत तर हीटरही चालणार नाही. रेडिएटर रॉडिंग करून घ्या, कॅप नवी घाला (तिचा स्प्रिंग दाब टिकवतो आणि त्या दाबावर पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो), कूलंट निम्मा आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असं समजा. टेन्शनर आणि वॉटर पंप त्याच वेळी.

आता टायर. मूळ माप २०५/७० आर १५, व्यास सुमारे ६६८ मिलीमीटर. २१५/७५ आर १५ घेतला तर व्यास ७०३ च्या आसपास, म्हणजे गाडी १८ मिलीमीटर उचलली जाते, स्पीडोमीटर साठ दाखवताना खरा वेग त्रेसष्ट असतो आणि मूळ साडेपाच इंची रिमवर तो बसतो. तुमच्या मनातल्या २३५/७५ चा व्यास ७३३: क्लिअरन्स ३३ मिलीमीटरने वाढतो खरा, पण त्याला किमान सहा इंची रिम लागते, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या मडगार्डची मागची कड घासते आणि गिअरिंग जवळपास १० टक्क्यांनी लांबतं. हे शेवटचं सर्वांत महाग पडतं. जिप्सीचा लो रेंज (ट्रान्सफरमधला हळू पण ताकदवान गिअर) मुळातच उथळ आहे. हायच्या तुलनेत फक्त सुमारे १.६ पट, जिथे इतर अनेक जीपगाड्यांत तो अडीचपट असतो. त्यातले १० टक्के टायरने खाल्ले की कड्याच्या चढावर क्लच जाळत बसावं लागतं. ८० हॉर्सपॉवरचं इंजिन स्पितीच्या वाटेवरच्या कुंझुम खिंडीच्या उंचीवर, म्हणजे साडेचार हजार मीटरला, विरळ हवेमुळे पन्नासच्याही खाली येतं. तिथे हे गणित फार टोचतं.

म्हणून २१५/७५, तोही ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा. पावसात सत्तरी-सांगेच्या वाटा म्हणजे वर दोन-चार इंच तांबडा गिलावा आणि खाली टणक जांभा. इथे अरुंद टायर चिखल कापून खालच्या जांभ्यावर पकड घेतो, रुंद टायर वर तरंगत घसरतो. मड टायर चिखल जास्त चांगला झाडतो हे मान्य, पण तुमचा नव्वद टक्के प्रवास डांबरावर आहे, आणि ओल्या घाटात मड टायरचं ब्रेकिंग कमी असतं. टायर पाच घ्या, चार नाही. स्टेपनी लहान व्यासाची असली आणि ती लावून फोरमध्ये चालवलं तर डिफरन्शियल आणि ट्रान्सफर दोन्ही उगाच रगडले जातात.

हवेचा दाब हे फुकटचं अपग्रेड. भरल्या गाडीला डांबरावर दरवाजावरच्या तक्त्याप्रमाणे. दगडी कच्च्या वाटेवर १८ ते २० पीएसआय. दलदलीत किंवा भुसभुशीत जागी १४-१५, वेग ताशी २० च्या आत, झटक्यात वळण नाही. १२ च्या खाली गेलं तर टायरची कड रिमवरून सुटू शकते. उतरवलेली हवा परत भरायला छोटा कॉम्प्रेसर हवा, त्याच्या क्लिपा थेट बॅटरीला. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून चालवला तर फ्यूज जातो नाहीतर वायर वितळते. डोंगरात चढताना बाहेरचा हवेचा दाब घटतो म्हणून गेज जास्त आकडा दाखवतो आणि थंडीमुळे तोच आकडा खाली येतो. गोव्यात ३० अंशाला २८ भरलेला टायर कुंझुमवर ५ अंशाला ३१ च्या आसपास दाखवेल. घाबरून हवा सोडू नका.

लिफ्टबद्दल. लांब शॅकल लावून मिळणारी स्वस्त लिफ्ट घेऊ नका. शॅकल दोन इंच लांब केला की गाडी जेमतेम एक इंच उचलली जाते, पण पुढे कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होऊन स्टिअरिंग आपोआप सरळ यायचं थांबतं आणि प्रॉपेलर शाफ्टचे कोन बिघडून क्रॉस लवकर जातात. तुमच्या गाडीच्या पाट्यांनी बहुधा आपली मूळ उंचीच गमावली आहे. सपाट जमिनीवर दोन्ही बाजूंची ॲक्सल ते चासी उंची मोजा. डावी-उजवीत सेंटिमीटरभर फरक असला तर पाटे बसले आहेत. पाटे सोडवून, घासून, पुन्हा कमान देऊन किंवा नवे मूळ मापाचे घालून, मागे भारानुसार एक पाटा वाढवला की इंचभर उंची आपसूक परत येते. पाट्यांमधला गंज काढून ग्रॅफाइट लावा. जिप्सी दणके देते त्यात निम्मा वाटा एकमेकांवर अडकून बसलेल्या पाट्यांचा असतो. बुश रबरी मूळचेच. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात, पण पाटा पिळायला देत नाहीत आणि चाक हवेत लोंबकळू लागतं. शॅकलचे बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेले निघतील. कामाच्या तीन दिवस आधीपासून रोज पेनिट्रेटिंग ऑइल सोडत राहा, तरी दोन-तीन कापावे लागतील हे धरून नवे आणून ठेवा. यू-बोल्ट एकदा सोडले की नवेच घाला आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. शॉकअप नवे घेताना ॲक्सल पूर्ण खाली लोंबत असताना ब्रेकची होज ताणली जात नाही ना, ते हाताने तपासा.

वजनाचं गणित लोक करत नाहीत. जिप्सी किंगची भारक्षमता साधारण ५०० किलो. तीन माणसं १९०, कपडेलत्ते ४५, तंबू-गाद्या-स्वयंपाकाचं ४०, पाणी ३०, हत्यारं आणि सुटे भाग ३०, जादा पेट्रोल डब्यासकट १०, ओढकामाचं सामान २०. झाले ३६५. तुमच्या यादीतला लोखंडी बंपर आणि विंच मिळून ७५, कॅरिअर ३०, त्यावर छतावरचा तंबू ५०: एकूण ५२०. म्हणजे मर्यादा ओलांडली, तीही वजन सर्वांत वर आणि सर्वांत पुढे ठेवून. अरुंद, उंच जिप्सी आडव्या उतारावर आधीच तोल सांभाळून असते, तिच्या डोक्यावर ऐंशी किलो ठेवू नका. सामान भरून गाडी एकदा ट्रकच्या काट्यावर न्या. खाणपट्ट्यात काट्यांना तोटा नाही. पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून घ्या.

विंचऐवजी आठ-नऊ मीटरची कायनेटिक (ओढताना ताणली जाणारी) दोरी, दोन ट्रॅक्शन बोर्ड, फावडं, बाटली जॅक आणि त्याखाली ठेवायला फूटभर चौरस, दोन इंच जाड फळी. दोरी निवडताना ‘जितकी जाड तितकी चांगली’ हे इथे चुकतं. दीड टनाच्या गाडीला पाच-सहा टन तुटभाराची दोरी पुरे. जाडजूड दोरी ताणलीच जात नाही आणि सगळा झटका हुकवर येतो. हुक चासीलाच बोल्ट केलेला हवा. ज्या चासीत तुम्ही आत्ताच वेल्डिंग केलं, त्या भागावर लावलेल्या हुकावरून ओढू नका. ओढताना दोरीवर ओलं पोतं टाका आणि माणसं दोरीच्या दीडपट लांब उभी करा.

इलेक्ट्रिकमध्ये एलईडी बारच्या आधी अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीशी जोडणी, तपासा. स्टार्टर मारताना मल्टिमीटर इंजिन ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये धरा, ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी गंजली आहे. हेडलाइटला रिले आणि जाड वायर दिली की मूळच्याच ६०/५५ बल्बचा उजेड पाहून चकित व्हाल. नवीन प्रत्येक जोडणीला बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज.

कायद्याचं भान सुरुवातीलाच ठेवा, कारण २००८ च्या खासगी गाडीची १५ वर्षांची नोंदणी २०२३ ला संपली आणि आता दर पाच वर्षांनी फिटनेस तपासणीला उभं राहायचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. बुल बारवर केंद्राची बंदी डिसेंबर २०१७ पासून आहे, तेव्हा लोखंडी बंपर वजनाआधीच यातही बाद होतो. काढलेले सगळे मूळ भाग जपून ठेवा. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं गुन्हा आहे आणि म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला या अभयारण्यांत परवान्याशिवाय आडवाटेने शिरता येत नाही. दूधसागरला कुळ्याहून तिथल्या नोंदणीकृत जीपच जातात, तुमची जिप्सी कितीही तयार असली तरी. चिरेखाणींच्या आणि सड्यावरच्या वाटा बऱ्याचदा खासगी किंवा कोमुनिदादच्या (गावच्या सामाईक मालकीच्या) जागेतून जातात. आधी गावात विचारा. स्पितीला जाताना दिल्ली-एनसीआर टाळा. १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचे तिथले नियम सतत बदलत असतात, आणि एनसीआर म्हणजे नुसती दिल्ली नव्हे, गुरुग्राम, अलवर, पानिपत, करनाल, जींदही त्यात येतात. सीकर, हिसारवरून जाताना हिसार-कैथल ही नेहमीची वाटही जींद जिल्ह्यातल्या नरवाण्यावरून जाते, तेव्हा मार्गातला प्रत्येक जिल्हा आधी तपासा. स्पितीतल्या काझा गावात पेट्रोल पंप आहे. ४० लिटरची टाकी आणि १० लिटरचा एक धातूचा डबा एवढ्यात भागतं.

पैशांची वाटणी अंदाजे अशी धरा: चासी आणि गंज ५५ हजार, ॲक्सल, स्टिअरिंग, ब्रेक, कूलिंग आणि इंधन मिळून ४५, पाच टायर ४५, ओढकामाचं सामान आणि कॉम्प्रेसर २०, पाटे, बुश, शॉकअप २०. उरलेले १५ हाती ठेवा, कारण नकल उघडल्यावर आत काय निघेल ते आधी कुणीच सांगू शकत नाही. चासीचं काम मे संपण्याआधी उरकायचं, बाकीचं पावसातही शेडखाली होतं.

सगळं झाल्यावर पहिली फेरी स्पितीची नको. पूर्ण भरलेली गाडी घेऊन चोर्ला घाटाने बेळगाव आणि अनमोडमार्गे परत या. उतार संपल्यावर मोलेच्या आसपास सावलीत थांबा आणि चारही हबना लगेच हाताची मागची बाजू लावून पाहा. चारही सारखे कोमट असतील तर ठीक. पुढचा एखादाच चटका देत असेल तर बेअरिंग जादा आवळली गेली आहे किंवा कॅलिपरची पिन अडकली आहे. मागचा देत असेल तर आधी ड्रम उघडा, हँडब्रेकची केबल परत येत नसेल. घरी आल्यावर यू-बोल्ट आवळा, नकलचे गोळे पुसून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहा, ऑइलचा ओघळ नसेल तर पुढची तयारी करा.